न्यूट्रॉनची संख्या दर वेळी चुकते? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. मुलाची वही उघडा आणि पुढच्यापैकी काही दिसतंय का ते बघा.

- क्लोरीनच्या अणूत १८.५ न्यूट्रॉन लिहिलेत.
- सोडियमचे न्यूट्रॉन २३ लिहिलेत, किंवा उणे १२ आले आणि उण्याची रेघ तेवढी खोडलीय.
- कार्बन-१४ मध्ये ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन अशी निम्मी-निम्मी वाटणी केलीय.
- सोडियमच्या अणूत १२ न्यूट्रॉन बरोबर येतात, पण सोडियमचा आयन दिला की तेच १३ होतात.
- हायड्रोजनचं उत्तर ० आलं होतं, ते खोडून १ केलंय.
- ब्रोमीन ४५, चांदी ६१, तांबं ३५.

या शेवटच्या ओळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाकीच्या चुका बघताक्षणी कळतात. ही कळत नाही. आकडे पूर्ण आहेत, वजाबाकी नीट आहे, कधी कधी शेजारी बरोबरची खूणही असते. आणि तरी निसर्गात सापडणाऱ्या ब्रोमीनच्या एकाही अणूत ४५ न्यूट्रॉन नसतात.

गेली बावीस वर्षं मी बार्शीत आठवी ते बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. एवढ्या वर्षांत पुस्तकं बदलली, पेपरची पद्धत बदलली, ही चूक मात्र दरवर्षी तशीच्या तशी माझ्यासमोर येते. पालक सांगतात, "बाई, सूत्र तोंडपाठ आहे हो त्याला, तरी चुकतंच." सूत्र (अणुवस्तुमानांक वजा अणुअंक) पाठ असून चुकतंय, म्हणजे ते पुन्हा पाठ करून घेण्यात अर्थ नाही. बिघाड दुसरीकडे आहे. मी वही हातात घेतली की ज्या क्रमाने शोधते तो क्रम खाली दिलाय. सगळ्यात सोपं आधी, अवघड नंतर. बहुतेक मुलांचं काम पहिल्या तीन तपासण्यांतच होतं, पण चौथी कोणीही टाळू नये.

पहिली तपासणी: कुठला आकडा कुठे छापलाय?

याला दहा सेकंद लागतात. आवर्तसारणीच्या चौकटीत बहुधा अणुअंक वर असतो आणि अणुवस्तुमान खाली. समस्थानिकाची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेल्या अणूची, संज्ञा लिहिताना मात्र हे उलटं होतं. तिथे डाव्या बाजूला वर अणुवस्तुमानांक असतो आणि त्याच्या खाली अणुअंक. मूल एका ठिकाणी "वरचा वजा खालचा" असं शिकतं आणि तेच दुसऱ्या ठिकाणी वापरतं. उणे १२ येतात ते असे.

म्हणून मी "वरचा-खालचा" हे शब्दच वर्गात वापरत नाही. मोठ्यातून लहान, एवढंच. याला कारण आहे. अणुवस्तुमानांक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची मिळून संख्या, आणि अणुअंक म्हणजे नुसते प्रोटॉन. मिळून असलेली संख्या त्यातल्या एका भागापेक्षा लहान असूच शकत नाही. फार तर दोन्ही सारख्या असतील, आणि तसं फक्त साध्या हायड्रोजनमध्ये होतं. १ वजा १, शून्य. त्याच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो, न्यूट्रॉन नसतोच. मुलांना उत्तर म्हणून शून्य लिहायची भीती वाटते, आपलं काही राहून गेलं असं वाटतं, म्हणून ती खोडून १ करतात. त्यांना सांगा, एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजनही आहे, पण त्याचं नाव ड्युटेरियम. दोन असलेला ट्रिटियम. साध्या हायड्रोजनचं शून्य हे पक्कं उत्तर आहे.

उत्तर आलं की ताळा करून घ्या: प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन, बेरीज मोठ्या आकड्याइतकी आली पाहिजे. सोडियमचे न्यूट्रॉन २३ लिहिणारं मूल ११ अधिक २३ करून ३४ वर पोचतं आणि आपणहून थांबतं. चूक आपण दाखवण्यापेक्षा ताळ्याने दाखवलेली बरी, ती जास्त दिवस लक्षात राहते.

दुसरी तपासणी: मूलद्रव्याचं नाव वाचलं का?

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने कार्बन-१४ ला (नावापुढचा आकडा म्हणजे अणुवस्तुमानांक) ७ आणि ७ लिहिलं. मी विचारलं, हे कसं काढलंस? ती म्हणाली, "बाई, १४ चे दोन भाग केले." मला तिचं मुळीच नवल वाटलं नाही. पहिली उदाहरणं आपण देतो कोणती? कार्बन-१२, सहा आणि सहा. नायट्रोजन-१४, सात आणि सात. ऑक्सिजन-१६, आठ आणि आठ. तीनही वेळा निम्मं केलं तरी उत्तर बरोबर. मुलीने वजाबाकी शिकलीच नव्हती, तिने निम्मं करायचं शिकलं होतं, आणि तो दोष आमच्या उदाहरणांचा.

उपाय असा: आकड्याकडे बघायच्या आधी नाव मोठ्याने वाचायचं आणि नावावरून अणुअंक लिहायचा. कार्बन म्हटलं की ६. कार्बन-१२ असो, १३ असो, १४ असो, प्रोटॉन ६ च. सातवा प्रोटॉन आला की तो कार्बन उरत नाही, नायट्रोजन होतो. हे नुसतं म्हणायला नाही, आपल्या डोक्यावर खरोखर घडतंय. वातावरणाच्या वरच्या थरात न्यूट्रॉन नायट्रोजन-१४ च्या केंद्रकावर आदळतो, आत शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. सात प्रोटॉनचे सहा झाले, सात न्यूट्रॉनचे आठ झाले, बेरीज १४ ची १४ च राहिली, पण नाव बदललं. कार्बन-१४ असा तयार होतो आणि ५७३० वर्षांच्या अर्धायुष्याने, म्हणजे तेवढ्या काळात निम्मे अणू या वेगाने, पुन्हा नायट्रोजन होत जातो. जाऊन परत येणारा हा हिशेब मुलांना वहीत मांडायला लावा. प्रोटॉन ओळख ठरवतो हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

सरावाला दोन नावं देते, अरगॉन-४० आणि कॅल्शियम-४०. दोघांचा मोठा आकडा एकच. अरगॉनचा अणुअंक १८, म्हणून २२ न्यूट्रॉन. कॅल्शियमचा २०, म्हणून २० न्यूट्रॉन. नाव न वाचता निम्मं करणारं मूल दोन्हीकडे २० लिहितं. एवढ्या एका प्रश्नात दुखणं कळतं.

तिसरी तपासणी: डोक्यावर प्रभाराची खूण आहे का?

आयन आला की चुकतं, त्याचं कारण एका अर्धवट वाक्यात आहे. "अणुअंक म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या" असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. उदासीन अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सारखे असतात म्हणून ते चालून जातं. सोडियमचा आयन एक इलेक्ट्रॉन गमावून बसलाय, त्याच्याकडे १० च उरलेत. मूल २३ मधून १० वजा करतं आणि १३ लिहितं.

न्यूट्रॉनवर प्रभार नाही, तो केंद्रकात आहे, आणि आयन होताना केंद्रकाला कोणी हात लावत नाही. सगळी देवघेव बाहेरच्या कवचात होते. मिठाच्या डब्यातला सोडियम आयन आणि रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या सोडियमचा अणू, दोन्हीत ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन आहेत. तेव्हा डोक्यावरच्या अधिक-उणे खुणेवर बोट ठेवून झाकायचं आणि मग वजाबाकी करायची. बोटाने झाकायची ही सवय मी सगळ्यांना लावते.

इथे एक सापळा आहे. क्लोरीन-३५ चा ऋण आयन घेतला तर प्रोटॉन १७, न्यूट्रॉन १८ आणि इलेक्ट्रॉनही १८. दोन्ही १८ आल्यावर मूल इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमध्ये काही नातं जोडून बसतं. नातं काही नाही, योगायोग आहे. क्लोरीन-३७ चा आयन लगेच द्या. इलेक्ट्रॉन १८ च राहतील, न्यूट्रॉन २० होतील.

चौथी तपासणी: आकड्यात दशांश चिन्ह आहे का?

इथे मात्र घाई करू नका. खरं दुखणं इथे आहे.

मराठीत दोन शब्द अगदी शेजारी-शेजारी आहेत: अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान. मुलं दोन्ही एकच समजतात, आणि कित्येक गाइडांमध्येही दोन्ही एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. पण शब्दाच्या शेवटाकडे नीट बघा. ज्याच्या शेवटी 'अंक' आहे तो मोजलेला आहे. ज्याच्या शेवटी नाही, तो तोललेला आहे. अणुवस्तुमानांक एका अणूच्या केंद्रकातले कण मोजून येतो, म्हणून तो नेहमी पूर्ण असतो. आवर्तसारणीत छापलेलं अणुवस्तुमान ही निसर्गात आढळणाऱ्या त्या मूलद्रव्याच्या सगळ्या प्रकारच्या अणूंची सरासरी आहे, आणि ज्याचं प्रमाण जास्त त्याचं वजन सरासरीत जास्त. ३५.५ मधून १७ वजा करणं म्हणजे सरासरीतून मोजणी काढायला जाणं.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. माझ्या टेबलाच्या खणात आगपेटीच्या चार रिकाम्या डब्या कायम असतात. प्रत्येकीत तुरीचे १७ दाणे टाकलेत, ते प्रोटॉन. तीन डब्यांत १८-१८ मूग आहेत आणि चौथीत २०. मी मुलाला चारही डब्यांतले दाणे मोजायला लावते. ३५, ३५, ३५, ३७. बेरीज १४२. चाराने भागलं की ३५.५. मग म्हणते, "आता मला साडेपस्तीस दाण्यांची डबी शोधून दे." मूल एक-एक डबी पुन्हा उघडतं. एकदा एकाने खरंच चौथ्या डबीतला मूग नखाने फोडून बघितला, आत अर्धा दाणा लपलाय का म्हणून. मग ते थांबतं, डब्यांकडे बघत राहतं, आणि सावकाश म्हणतं, "अशी डबीच नाहीये." ते वाक्य ऐकलं की माझं काम झालेलं असतं. त्यापुढे त्या मुलाच्या वहीत १८.५ पुन्हा येत नाही.

खऱ्या क्लोरीनमध्येही प्रमाण जवळपास असंच आहे. साधारण ७६ टक्के अणू क्लोरीन-३५ चे, १८ न्यूट्रॉनवाले. साधारण २४ टक्के क्लोरीन-३७ चे, २० न्यूट्रॉनवाले. सरासरी ३५.४५, शाळेच्या पुस्तकात ३५.५.

हा साडेपस्तीसचा घोळ मोठमोठ्यांना छळून गेलाय. १८१५ मध्ये विल्यम प्राउट या इंग्लिश डॉक्टरने सुचवलं की सगळ्या मूलद्रव्यांची वस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत. क्लोरीन त्यात काही केल्या बसेना. पुढची शंभर वर्षं तो आकडा तसाच अडून राहिला. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने आवर्तसारणीत एकाच जागी बसणाऱ्या पण वस्तुमानात वेगळ्या अशा अणूंना 'आयसोटोप' हे नाव दिलं. तो ग्रीक शब्द त्याला मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी सुचवला होता, आणि आपला 'समस्थानिक' हा शब्द अर्थाने तंतोतंत तसाच आहे, सम स्थान असलेला. त्याच सुमारास जे. जे. थॉमसनला निऑनमध्ये २० आणि २२ असे दोन माग दिसले होते. १९१९ मध्ये फ्रान्सिस ॲस्टनने केंब्रिजमध्ये आपलं नवं उपकरण उभं केलं आणि पाठोपाठ क्लोरीनचे ३५ आणि ३७ वेगळे करून दाखवले. न्यूट्रॉन तर त्यानंतर सापडला, १९३२ मध्ये, जेम्स चॅडविकला. तेव्हा तुमच्या मुलाने १८.५ लिहिलं म्हणून रागावू नका. ज्या जागी ते अडलंय ती जागा खरोखर अवघड आहे.

आता ते ब्रोमीन. "दशांश आला की जवळचा पूर्ण आकडा घ्या" अशी युक्ती मुलांना सर्रास शिकवली जाते. ७९.९०, जवळचा पूर्णांक ८०, वजा ३५, उत्तर ४५. वस्तुस्थिती अशी की निसर्गात ब्रोमीन-७९ आहे आणि ब्रोमीन-८१ आहे, दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे. एकात ४४ न्यूट्रॉन, दुसऱ्यात ४६. मधला ८० नाहीच. चांदीचंही तेच: १०७ आणि १०९, म्हणजे ६० किंवा ६२ न्यूट्रॉन, ६१ नाही. तांब्यात ६३ आणि ६५, म्हणजे ३४ किंवा ३६. मी वर्गात विजेच्या वायरीतली तांब्याची तार सोलून मुलांच्या हातात देते. या तारेतले शंभर अणू घेतले तर साधारण ६९ मध्ये ३४ न्यूट्रॉन आहेत आणि ३१ मध्ये ३६. तुम्ही लिहिलेले ३५ या तारेत कुठेच नाहीत.

मग ही युक्ती इतकी वर्षं टिकली कशी? कारण फ्लोरीन, सोडियम, ॲल्युमिनिअम, फॉस्फरस, आयोडीन, सोनं यांचा निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे. तिथे जवळचा पूर्णांक घेतला की उत्तर बरोबरच येतं. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनमध्ये एकच प्रकार इतका जास्त आहे की तिथेही चालतं. पहिल्या वीस मूलद्रव्यांत साडेपस्तीसवाला क्लोरीन सोडला तर ही युक्ती कुठेच उघडी पडत नाही, आणि शाळेत आपण शिकवतो तीच वीस. माझं मत स्पष्ट आहे, ही युक्ती शिकवू नये. शिकवायचीच असेल तर सोबत सांगा की याने फार तर सगळ्यात जास्त आढळणारा समस्थानिक कळतो, आणि तोही दर वेळी कळेल असं नाही.

त्यामुळे चौथ्या तपासणीचा नियम असा. प्रश्नात अणुवस्तुमानांक दिलाय, म्हणजे नावापुढे पूर्ण आकडा आहे, तर वजाबाकी करा. नुसतं मूलद्रव्याचं नाव दिलंय आणि हाताशी दशांशातलं अणुवस्तुमान आहे, तर आधी विचारा: कोणता अणू? परीक्षेत विचारायला कोणी नसतं, तेव्हा उत्तरात लिहून टाका, "क्लोरीन-३५ या समस्थानिकासाठी न्यूट्रॉन १८". गृहीत धरलेलं लिहून दाखवलं की तपासणाऱ्यालाही कळतं मूल कुठे उभं आहे.

कधी कधी मुलं म्हणतात, दोन-तीन न्यूट्रॉन इकडे-तिकडे झाले तर काय बिघडतं? युरेनियमचा अणुअंक ९२. युरेनियम-२३५ मध्ये १४३ न्यूट्रॉन, युरेनियम-२३८ मध्ये १४६. फरक तीनचा. पण संथ न्यूट्रॉन आदळल्यावर २३५ सहज दुभंगतो, २३८ तसा दुभंगत नाही, आणि खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला पहिल्या दोन अणुभट्ट्या २३५ चं प्रमाण वाढवलेल्या इंधनावर चालतील अशा बांधल्या, तर तिसरी आणि चौथी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी). तीन न्यूट्रॉनच्या फरकासाठी एवढं सगळं करावं लागतं.

पाचवी तपासणी: रेणू आहे की अणू?

ही छोटी आहे. प्रश्नात "पाण्याच्या रेणूत न्यूट्रॉन किती" असं असेल तर प्रत्येक अणूचे वेगळे काढून बेरीज करायची. साध्या पाण्यात दोन हायड्रोजनचे शून्य आणि ऑक्सिजन-१६ चे ८, एकूण ८. जड पाण्यात दोन ड्युटेरियमचे एक-एक आणि ऑक्सिजनचे ८, एकूण १०. दोन्हीत प्रोटॉन १० च. हे जड पाणी आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळला बनतं. ते साध्या पाण्यापेक्षा साधारण ११ टक्के जास्त घन असतं, त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो.

नावाच्या शेवटी अक्षर असेल तर गोंधळू नका. हाडांच्या स्कॅनसाठी वापरतात ते टेक्नेशियम-९९एम. त्यातलं 'एम' हे केंद्रकात जास्तीची ऊर्जा साठलीय एवढंच सांगतं. ९९ वजा ४३, न्यूट्रॉन ५६. अक्षराने मोजणी बदलत नाही.

सहावी तपासणी: टक्केवारी पुस्तकाशी जुळत नाही

हे अकरावी-बारावीचं, आणि ज्यांचं आतापर्यंतचं सगळं बरोबर येतंय त्यांनाच भेटणारं दुखणं. गणित असं: तांब्याची सरासरी ६३.५५, समस्थानिक ६३ आणि ६५, तर प्रत्येकाचं प्रमाण किती? मूल समीकरण मांडतं, ६५ मधून ६३.५५ वजा करून दोनाने भागतं आणि ७२.५ टक्के काढतं. मागे उत्तर बघतं तर ६९. मग ते दहा वेळा तेच गणित पुन्हा करतं. रबराने खोडून खोडून कागद पातळ झालेल्या वह्या मी बघितल्यात.

गणित बरोबर आहे. घातलेले आकडे बरोबर नाहीत. ६३ ही मोजणी आहे, त्या अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान नाही. तांबं-६३ चं वस्तुमान ६२.९३ एकक आहे आणि तांबं-६५ चं ६४.९३. सुटा प्रोटॉन १.००७३, सुटा न्यूट्रॉन १.००८७, पण केंद्रकात एकत्र बांधले गेले की काही वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने निघून गेलेलं असतं, म्हणून अणूचं वस्तुमान सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं. प्रत्यक्ष वस्तुमानं आणि ६३.५४६ ही नेमकी सरासरी घेऊन तेच समीकरण सोडवा, ६९ टक्के येतात. वरचं मोजलेलं आणि तोललेलं इथे पुन्हा आडवं आलं, फक्त या वेळी दोन आकड्यांतला फरक फार बारीक होता.

थांबायचं कधी आणि कोणाला विचारायचं

तीन बैठका झाल्या, डब्याही उघडून झाल्या, आणि तरी मूल अडतंय, तर रसायनशास्त्र बाजूला ठेवा. माझ्या अनुभवात अशा मुलांचं दुखणं बहुतेक वेळा सरासरीत किंवा ऋण संख्यांत असतं. ते सहावी-सातवीच्या गणिताचं काम आहे. गणिताच्या शिक्षकांना सांगा, आठवडाभर तेवढंच करून घेऊ दे. आपण न्यूट्रॉन रेटत राहिलो तर मूल विज्ञानालाच भिऊ लागतं, आणि ते भरून काढायला मग वर्षं जातात.

गाइडमध्ये ब्रोमीनचे ४५ छापलेत आणि तुम्ही ४४ किंवा ४६ म्हणताय, तर मुलाला दोघांच्या मध्ये उभं करू नका. शाळेतल्या विषयशिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. परीक्षेत काय लिहायचं हे तेच सांगू शकतात.

कोणी विचारतं, आपल्या विहिरीच्या पाण्यात किंवा एखाद्या दगडात कोणते समस्थानिक किती, हे घरी काढता येईल का? नाही. एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक रासायनिक क्रियेत जवळजवळ सारखेच वागतात, त्यामुळे परीक्षानळीत ते ओळखू येत नाहीत. त्याला वस्तुमान-वर्णपटमापी, म्हणजे वस्तुमानानुसार अणू वेगळे करून दाखवणारं उपकरण, लागतो, तो संशोधन प्रयोगशाळेत असतो. नमुना तिकडेच द्यावा लागतो.

भंगारात, जुन्या यंत्रात किंवा रस्त्याकडेला किरणोत्साराच्या तीन पाकळ्यांच्या खुणेचा डबा किंवा धातूचा जड तुकडा दिसला, तर त्यात कोणता समस्थानिक आहे हे शोधायच्या भानगडीत मुळीच पडू नका. हात लावू नका, फोडू नका, घरी आणू नका, लांब व्हा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ ला फोन करा. कोबाल्टचा नेहमीचा अणू ५९, त्यात ३२ न्यूट्रॉन. कोबाल्ट-६० मध्ये ३३. त्या एका जास्तीच्या न्यूट्रॉनमुळे तो किरणोत्सारी आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असं कोबाल्ट-६० असलेलं जुनं यंत्र मोडलं गेलं आणि एक माणूस दगावला.

शेवटचं, आणि हे मी गेल्या वर्षी शिकले. दहावीतल्या एका मुलाने आयोडीन-१३१ चे न्यूट्रॉन विचारले. मी म्हटलं, तूच काढ. त्याने काढले, १३१ वजा ५३, ७८. बरोबर. साध्या आयोडीनपेक्षा चार जास्त, अर्धायुष्य आठ दिवसांचं, हेही त्याला माहीत होतं. मी शाबासकी दिली तरी तो उठेना. मग म्हणाला, "आईला थायरॉइडसाठी तेच दिलंय. बाई, मी किती दिवस तिच्याजवळ झोपायचं नाही?"

त्याचं उत्तर ७८ मधून निघत नाही आणि आठ दिवसांतूनही निघत नाही. औषधाची मात्रा किती होती, शरीरातून ते किती बाहेर पडलं, घरात कोण लहान आहे, कोण गरोदर आहे, यावर ते ठरतं, आणि ते सांगण्याचा अधिकार अणुवैद्यक विभागातल्या डॉक्टरांचा आहे. मी त्याला आईच्या फाइलमधला रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद आणायला सांगितला. त्यावर सूचना छापलेल्या होत्या आणि खाली विभागाचा फोन नंबर होता. त्याच्या वडिलांनी माझ्यासमोरच फोन लावला.